मी रचलेला प्रसंग आईला आठवतो, आणि खरा प्रसंग भावाला नकोय

शाईचा डाग (मूळ प्रश्न)

गेली सात वर्षं मी एक कादंबरी लिहिते आहे. सहावा खर्डा संपला आणि आता पाय अडलाय. ज्यांनी स्वतःच्या आयुष्यातून काही लिहिलंय, किंवा अशा पुस्तकांबद्दल वाचक म्हणून ज्यांना काही ठाम वाटतं, त्यांच्याशी बोलायचं आहे.

गाभा खरा आहे. मी नऊ वर्षांची असताना वडील घर सोडून गेले आणि अकरा महिन्यांनी परत आले. कुठे होते, का गेले, का आले, यावर घरात कधीच कुणी बोललं नाही. परतले त्या संध्याकाळी आईने दार उघडलं, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यासारखं. वडिलांना जाऊन आता आठ वर्षं झाली. ते असेपर्यंत मी यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

सुरुवातीला 'मी' म्हणूनच लिहीत होते. दोन खर्डे तसे झाले आणि दोन्ही निर्जीव. प्रत्येक वाक्याला थांबायचे, की हे नक्की असंच झालं होतं ना? पडदा हिरवा होता की निळा? तिसऱ्या खर्ड्यात 'मी'ची 'ती' केली, तिला दुसरं नाव दिलं, वय एका वर्षाने वाढवलं आणि हात सुटला. खरं सांगते, 'ती' लिहायला लागल्यावर मला जास्त आठवायला लागलं. जिन्याच्या चौथ्या पायरीचा तुकडा उडालेला होता, हे 'मी' लिहिताना कधी आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. वडील गेले ती रात्र मला आठवत नाही. मी झोपलेली होते. पण कादंबरीला ती रात्र हवी होती, नाहीतर पुढचे अकरा महिने उभे कशावर करायचे? म्हणून पाचव्या खर्ड्यात मी एक प्रसंग रचला. मध्यरात्री वडील मुलीचं दप्तर उघडतात, कंपासपेटीतल्या सगळ्या पेन्सिली बाहेर काढतात, ब्लेडने एकेकीला टोक काढतात आणि परत जागच्या जागी ठेवतात. चिठ्ठी नाही, काही नाही. सकाळी शाळेत मुलगी पेटी उघडते तर सगळ्या पेन्सिली टोकदार. हे मला कुठल्या दिवशी सुचलं तेही ठाऊक आहे. त्या पानाच्या समासात माझ्याच अक्षरात 'निरोपाऐवजी काय?' असं लिहिलंय आणि त्याखाली तीन खोडलेले पर्याय आहेत.

मागच्या महिन्यात सहावा खर्डा आईला वाचायला दिला. ती भिंग घेऊन रोज दुपारी दहा-बारा पानं वाचायची. मी शेजारी बसून काहीतरी करत असल्याचं दाखवायचे. त्या पानावर आली तेव्हा मान वर न करता म्हणाली, "हो गं. सगळ्यांना टोकं काढून ठेवली होती त्यांनी. सकाळी सालपटं मीच केरात भरली."

माझ्या खर्ड्यात सालपटांचा उल्लेख नाही.

आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली पिशवी? त्यावर म्हणाली, "कसली पिशवी? हात हलवत आले होते ते."

दुसरी गोष्ट याहून जड आहे. धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता. कादंबरीतलं एक प्रकरण त्याचं आहे आणि त्यात रचलेलं काहीही नाही. त्याने वर्गात सांगितलं होतं की माझे बाबा वारले. बाईंनी त्याला जवळ घेतलं, मुलं त्याच्याशी चांगली वागायला लागली, डब्यातला अर्धा वाटा द्यायला लागली. मग बाबा परत आले आणि तो शाळेत जाईना. वारलेला माणूस परत आला हे वर्गात सांगणार कसं? पोट दुखतं म्हणून तो बारा दिवस घरी राहिला. खरं कारण त्याने फक्त मला सांगितलं होतं, रात्री, पांघरुणात तोंड घालून.

ते प्रकरण त्याने वाचलं. रागावला नाही. "ताई, हे माझं होतं," एवढंच म्हणाला. तीन आठवडे झाले, त्याचा फोन नाही आणि मीही केलेला नाही.

प्रकाशकांना पहिल्या पानावर 'या कादंबरीतील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत' ही ओळ हवी आहे. ती लिहायला माझा हात धजत नाही, कारण ती खोटी आहे. पण 'हे सगळं खरं आहे' असं तरी कशाच्या बळावर लिहू? पेन्सिली खऱ्या की खोट्या, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. आणि भावाचं प्रकरण. ते काढलं तर कादंबरीचा कणा मोडतो, ठेवलं तर भाऊ जातो. तुम्ही काय केलं असतं?

---

जुना वाचक

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. मी आयुष्यभर साहित्य शिकवलं. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. दुसऱ्याला बहुधा नसावं.

१९७५ मध्ये फिलिप लजन या फ्रेंच अभ्यासकाने एक साधी कसोटी मांडली. मुखपृष्ठावरचं नाव, गोष्ट सांगणाऱ्याचं नाव आणि गोष्टीतल्या मुख्य माणसाचं नाव एकच असेल, तर लेखकाने वाचकाशी करार केला: मी माझ्याबद्दल खरं सांगतोय. नावं वेगळी असतील तर तो करार नाही. दोनच वर्षांनी सर्ज दुब्रोव्हस्कीने मुद्दाम या कसोटीच्या फटीत बसणारी कादंबरी लिहिली, नाव स्वतःचं आणि वर शिक्का कादंबरीचा, आणि तिच्या मलपृष्ठावर 'ऑटोफिक्शन' हा शब्द वापरला. शब्द तेव्हाचा, पण ती फट फार जुनी आहे. आपल्याकडे 'बलुतं' (१९७८) आठवा. ते आत्मकथन आहे, तरी तिथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच, पण सांगता यावं म्हणून त्याला दोन व्हावं लागलं. तुम्ही 'मी'ची 'ती' केलीत आणि जिन्याची पायरी आठवली, त्याची जात हीच आहे असं मला वाटतं. उलट बाजूने 'कोसला' (१९६३) पाहा. ती उघडपणे कादंबरी आहे, पण नायकाच्या आडनावात लेखकाने स्वतःचं गाव ठेवलंय. सांगवीकर. तेवढा एक धागा सोडून ठेवलाय आणि वाचक साठ वर्षं तो ओढून पाहताहेत.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते टॉलस्टॉयचं. त्याची पहिली कादंबरी 'बालपण' १८५२ साली मासिकात आली, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. संपादकांनी परस्पर शीर्षक बदलून 'माझ्या बालपणाची कहाणी' असं केलं. टॉलस्टॉय संतापला. पत्र लिहून त्याने निषेध केला, कारण ती त्याच्या बालपणाची कहाणी नव्हती. त्या पुस्तकात दहा वर्षांच्या निकोलेन्काची आई मरते. तिचा आवाज, तिचे हात, शवपेटीपाशी उभा असलेला मुलगा, सगळं इतकं जवळून लिहिलंय की वाचणाऱ्याला शंका येत नाही, हा माणूस तिथे उभा होता. प्रत्यक्षात टॉलस्टॉयची आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. त्याला ती अजिबात आठवत नव्हती. म्हातारपणी आठवणी लिहायला बसला तेव्हा त्याने ते स्पष्ट लिहिलं, आणि हेही लिहिलं की 'बालपण'मध्ये आपल्या लहानपणच्या मित्रांचं आयुष्य आणि आपलं आयुष्य यांची सरमिसळ झाली, ती त्याला आता आवडत नव्हती.

मी हे पन्नास वेळा वर्गात सांगितलं असेल, पण त्याचा अर्थ मला माझी आई गेल्यावर कळला. जी आठवण त्याला मिळालीच नव्हती ती त्याने लिहून मिळवली. तुम्हीही ती रात्र झोपून काढलीत, तुम्हाला निरोप मिळालाच नाही, म्हणून तुम्ही तो लिहिलात. मला त्यात खोटं काही दिसत नाही. कादंबरी म्हणा आणि मोकळ्या व्हा. 'काल्पनिक' ही ओळ मात्र नको. 'कादंबरी' या शब्दात जेवढं सांगायचं तेवढं सांगून होतं.

भावाबद्दल मी काही सांगू शकत नाही. पण टॉलस्टॉयला म्हातारपणी खटकलं ते काय, हे लक्षात घ्या. आई रचल्याबद्दल त्याने खेद केला नाही. मित्रांचं आयुष्य आपल्यात मिसळल्याबद्दल केला.

---

तळटीप

मी पुस्तकांच्या संपादनात काम करते. कोरडं बोलते आहे असं वाटलं तर समजून घ्या, पण या टप्प्यावर कुणीतरी हे सांगायला हवं.

'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ आली कुठून? बरीचशी एका चित्रपटामुळे. १९३२ साली रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रास्पुतिन या साधूवर एक अमेरिकन चित्रपट निघाला. त्याच्या सुरुवातीच्या पाटीत अभिमानाने म्हटलं होतं की यातली काही पात्रं अजून हयात आहेत. त्यांतल्या राजकन्येच्या पात्रात राजकन्या इरिना युसुपोव्हला स्वतःची बदनामी दिसली. तिने इंग्लंडमध्ये दावा लावला आणि १९३४ मध्ये जिंकला, २५,००० पौंड भरपाई मिळवली. त्यानंतर चित्रपटवाल्यांनी उलट पाटी लावायला सुरुवात केली आणि ती पुस्तकांतही सर्रास दिसू लागली. म्हणजे ती ओळ वकिलांनी घडवली आहे. लेखकाच्या प्रामाणिकपणाशी तिचं नातं नाही. तुम्हाला ती खोटी वाटते ते बरोबर आहे.

आणि ती ओळ घातली म्हणून पुस्तक सुरक्षित होतं, हाही गैरसमज. जर्मनीतलं 'एसरा' प्रकरण बघा. माक्सिम बिलरची कादंबरी २००३ मध्ये आली. त्याची पूर्वीची प्रेयसी आणि तिची आई, दोघी न्यायालयात गेल्या. २००७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला तो मी अनेकदा वाचलाय, कारण माझ्या कामात मला इतकं उपयोगी दुसरं काही सापडलं नाही. न्यायालयाने सुरुवात लेखकाच्या बाजूने केली: कादंबरी म्हटलं की ती कल्पित आहे असंच आधी मानलं पाहिजे. नुसतं पात्र ओळखू येतं म्हणून पुस्तक अडवता येणार नाही. पण पात्र खऱ्या माणसाशी जितकं जास्त जुळतं तितका त्याच्या खासगीपणाला धक्का मोठा, आणि प्रसंग जितका आतला तितकी कल्पनेने घडवण्याची जबाबदारी जास्त. या मोजपट्टीवर आईची तक्रार टिकली नाही, जरी कादंबरीत तिचं चित्र फार वाईट होतं. मुलीची टिकली, कारण तिचं जे लिहिलं होतं ते दोघांमधलं होतं आणि थेट अनुभवातून उचललेलं होतं. पुस्तकावर बंदी कायम राहिली.

हा तिथला कायदा आहे, सगळीकडे लागू नाही. पण मोजपट्टी म्हणून तुमच्या दोन प्रसंगांवर ठेवून बघा. वडिलांच्या पेन्सिली तुम्ही घडवल्या आहेत. भावाचं प्रकरण जसंच्या तसं उचललंय. तुम्हीच लिहिलंय, "रचलेलं काहीही नाही." तुम्ही ते अभिमानाने लिहिलंत की काय कळलं नाही, पण मला तिथेच खटकलं. नाव बदललंत, वय बदललंत, तरी ज्याने ते पांघरुणात तोंड घालून सांगितलं त्याला ते ओळखू येणारच. आणि ओळखणारा तो एकटा असेल तरी तो आहेच.

कणा मोडतो असं प्रत्येक लेखक म्हणतो. मी आजवर जितकी प्रकरणं काढायला लावली त्यांतलं एकच असं निघालं की ज्याच्याशिवाय पुस्तक खरंच उभं राहिलं नाही.

---

रात्रपाळी

दोघांशीही असहमत. काहीही काढू नका. टॉमस वुल्फ या अमेरिकन लेखकाची पहिली कादंबरी १९२९ मध्ये आली, त्यात आपलं अख्खं गाव नाव बदलून आणलं. लोक इतके भडकले की तो १९३७ पर्यंत गावी फिरकला नाही. पण परत गेला तेव्हा लोकांनी त्याला घरात घेतलंच. भाऊ आहे, येईल. पुस्तक एकदा मोडलं की जुळत नाही.

पेन्सिलींबद्दल मात्र सावध करतो. मी मानसशास्त्र शिकलोय. आईंची आठवण हा पुरावा धरू नका. १९९५ मध्ये लॉफ्टस आणि पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणाचे चार प्रसंग लिहून दिले. तीन घरच्यांकडून मिळवलेले, खरे. चौथा रचलेला: लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवलात. मुलाखतींत ६ जणांनी तो चौथाही पूर्ण किंवा थोडाफार आठवतो असं सांगितलं. तेव्हा सालपटं हा तपशील आईंच्या मनाने नंतर भरलेला असू शकतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऐकलेली गोष्ट माणूस लक्षात ठेवतो आणि कुणाकडून ऐकली ते विसरतो. मग ती वर आली की स्वतःला सुचल्यासारखी वाटते. समासात तीन खोडलेले पर्याय आहेत म्हणून चौथा तुमचाच, हे सिद्ध होत नाही.

---

शाईचा डाग

सगळ्यांचे आभार. तळटीप, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: हो, अभिमानाने लिहिलं होतं. त्या प्रकरणात मी काही रचलं नाही याचा मला सात वर्षं अभिमान होता. ते पुस्तकातलं सगळ्यात खरं प्रकरण म्हणून मी जपत होते.

रात्रपाळी, "भाऊ आहे, येईल" हे माझंही मन मला सांगत होतं. पण आमच्या घरात एक माणूस अकरा महिन्यांनी परत आला आणि तरी काहीतरी परत आलं नाही, हे मी पाहिलंय. मला त्यावर विसंबता येत नाही.

---

खिडकीपाशी

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण मी एका कादंबरीतलं पात्र आहे.

पुस्तकाचं नाव सांगणार नाही. लिहिणारी माझी जवळची मैत्रीण होती. आम्ही वीस वर्षं एकमेकींना सगळं सांगत होतो. तिच्या कादंबरीत नायिकेची एक मैत्रीण आहे. तिचं नाव वेगळं, पेशा वेगळा, माझ्याहून उंच. तिचा नवरा तिला सोडून जातो. माझा नवरा मला सोडून गेलेला नाही. सत्तर टक्के मी ती नाहीच.

पण ती बाई बोलताना अंगठ्याने करंगळीचं नख घासत राहते. ते मी करते. मला वाटलं होतं कुणाच्या लक्षात येत नसेल. आणि एका ठिकाणी ती म्हणते, "मला मूल नको होतं, पण ते कुणी विचारलं नाही." हे वाक्य मी तिला एकदा म्हटलं होतं, इस्पितळाच्या बाकावर, माझी मुलगी आजारी असताना, दोन रात्रींच्या जागरणानंतर. ते त्या क्षणापुरतं खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरं नव्हतं.

ज्या तीसएक गोष्टी तिने रचल्या त्यांनी मला काहीच झालं नाही. सोडून जाणाऱ्या नवऱ्याचं प्रकरण मी परक्या बाईचं वाचावं तसं वाचलं, छान लिहिलंय ते. दुखलं ते त्या एका खऱ्या वाक्याने. त्या वाक्याला एक रात्र होती, एक बाक होता, त्याच्या मागे आणि पुढे बोललेली वाक्यं होती. तिने ते तिथून उचललं आणि छापलं, आणि आता ते कायमचं झालं. माझी मुलगी आता वाचण्याच्या वयाची आहे. ते पुस्तक मी कपाटाच्या वरच्या खणात, आडव्या ठेवलेल्या पुस्तकांमागे ठेवलंय. तिला ते नख ओळखू येईल.

मैत्रीण म्हणाली, अगं, ती तू नाहीस, ते पात्र आहे. मला त्यावर उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. तिचं म्हणणं खोटं नाही.

वाचताना एक गोष्ट मला सापडली होती, ती तुम्हाला सांगावीशी वाटते. डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' १८४९ पासून दर महिन्याला हप्त्याहप्त्याने येत होती. त्यात त्याने एक ठेंगणी बाई आणली, बेरकी, संशयास्पद. त्याच्या ओळखीच्या, शेजारी राहणाऱ्या एका खऱ्या बाईंनी ती वाचली आणि त्याला पत्र लिहिलं की मी आयुष्यभर माझ्या उंचीचं सोसलंय, आता तुम्ही हे केलंत. डिकन्स तेव्हा केवढा मोठा लेखक होता, तो दुर्लक्ष करू शकला असता. त्याने पुढच्या हप्त्यांत ते पात्र वळवलं. ती बाई परत आली तेव्हा ती भली होती, आणि उंचीवरून माणूस जोखू नका असं ती स्वतःच कॉपरफील्डला सुनावते. समीक्षक म्हणतात तो सांधा दिसतो, पात्र मध्येच बदलल्यासारखं वाटतं. दिसू दे. मी ती पानं वाचली तेव्हा मला कुणीतरी ऐकल्यासारखं वाटलं.

तुमच्या भावाने "हे खोटं आहे" असं म्हटलं नाही. "हे माझं होतं" म्हणाला. मी माझ्या मैत्रिणीला नेमकं हेच म्हणायला हवं होतं, मला शब्द सापडले नाहीत. तुम्ही प्रकरण ठेवा किंवा काढा, पण आधी त्याला फोन करा. पुस्तकाचं विचारायला नको. त्या बारा दिवसांत तो घरी बसून काय करत होता ते विचारा. तुम्ही लिहिलंय ते त्याने तुम्हाला सांगितलं तेवढंच आहे. बाकीचं तुम्हाला माहीत नसणार.

---

शाईचा डाग

खिडकीपाशी, तुमचं लिहिलेलं रात्री वाचलं आणि सकाळी त्याला फोन केला. तुम्ही सांगितलं तेच विचारलं. मधे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कट झाला.

मग तो बोलायला लागला. त्या बारा दिवसांत तो वडिलांबरोबर होता. आई कामावर, मी शाळेत, आणि परत आलेला बाप आणि पोट दुखणारा मुलगा, दोघंच घरात. हे मला कधी सुचलंही नव्हतं. माझ्या प्रकरणात तो एकटाच आहे, खिडकीशी बसलेला. ती खिडकी मीच तिथे ठेवली होती. म्हणजे 'रचलेलं काहीही नाही' हेही खरं नव्हतं, आणि सात वर्षांत मला ते दिसलं नाही. वडिलांनी त्याला शाळेत का जात नाहीस असं एकदाही विचारलं नाही. आठव्या की नवव्या दिवशी त्यानेच त्यांना सांगून टाकलं, मी वर्गात तुम्ही वारलात असं सांगितलंय. वडील काय म्हणाले ते त्याने मला सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, आणि कादंबरीतही नाही. त्याने लिहू नकोस असं म्हटलेलं नाही. मीच ठरवलं.

पेन्सिलींचंही विचारलं. म्हणाला, "तुझ्या नव्हत्या ताई, माझ्या होत्या. माझ्या दप्तरातल्या. मी तुला दाखवल्या होत्या दुसऱ्या दिवशी, तू म्हणालीस आईने केल्या असतील." मला हे आठवत नाही. त्यानेही खर्डा वाचलेला आहे, आईसारखाच, तेव्हा रात्रपाळींचं म्हणणं इथेही लागू आहे हे मला कळतं. पण वहीच्या समासातले ते तीन खोडलेले पर्याय मी पुन्हा काढून पाहिले. तिन्ही आई-मुलीचे किंवा वडील-मुलीचे आहेत. पेन्सिलींखाली मी पेनने एक शब्द लिहून खोडलाय. दिव्यासमोर धरून पाहिला. 'त्याच्या' आहे की 'तिच्या', ते लागत नाही.

प्रकाशकांना कळवलं, काल्पनिक ही ओळ नको, मुखपृष्ठावर 'कादंबरी' एवढाच शब्द पुरे. ते विचार करून सांगणार आहेत. भावाचं प्रकरण काढलं, पंचवीस पानं. तळटीप, कणा मोडला की नाही हे अजून कळत नाही. त्या जागी आता फक्त असं आहे की धाकटा बारा दिवस शाळेत गेला नाही आणि बहिणीला त्याचं कारण ठाऊक आहे.

पेन्सिली ठेवल्यात. फक्त दप्तर आता धाकट्याचं आहे, आणि सकाळी आई फरशीवरची सालपटं भरते. ते पान मी त्याला पाठवलं. त्याने एकच दुरुस्ती सांगितली: ब्लेड नव्हतं, स्वयंपाकघरातली सुरी होती, टोकं जाडीभरडी निघाली होती आणि दोन तर लिहिताना लगेच तुटली.